दुरुस्ती

बसच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि तेवढ्यात सरांच्या मनात आलं, की ती बाई चुकलीच नव्हती.

पाय तसाच राहिला. एक हात दांडीला, दुसऱ्या हातात पिशवी, दुसरा पाय अजून रस्त्यावर. मागून कुणीतरी विचारलं, काका, चढताय की उतरताय? सर बाजूला झाले. माणसं त्यांना ओलांडून चढली, दार मिटलं, बस गेली. थांब्यावर एकदम मोकळं मोकळं झालं. समोरच्या दुकानाचं शटर ओढणारा माणूस, ते शेवटच्या वितीशी अडकलं म्हणून, खाली बसला आणि तिथंच कुलूप लावू लागला. सर त्याच्याकडे बघत उभे राहिले. आपण काहीतरी विसरून आलो आहोत, छत्री किंवा चष्मा, असं त्यांना आधी वाटलं होतं. पण छत्री पिशवीत होती. चष्मा नाकावर होता. विसरलं होतं ते वर्गातच, सायकलींच्या दुकानावरच्या त्या खोलीत, आणि आता ते आणायला परत जाण्यात अर्थ नव्हता, कारण खोली बंद झाली होती आणि जिचं ते होतं ती केव्हाच घरी गेली होती.

वर्गात ती खिडकीशी बसायची म्हणून सर तिला मनातल्या मनात खिडकीवाली म्हणत. नाव हजेरीत होतं, पण मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या वर्गाला शिकवताना सरांना नावांपेक्षा जागा लक्षात राहत. एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत ती चादरी इस्त्री करायची. तिच्याच खात्यातली दुसरी एक बाई तिच्या शेजारी बसे. हिचं तोंड वर्गात शिरल्यापासून सुरू व्हायचं ते जिना उतरेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून ती गिरणी. गिरणीला इंग्रजी येत नव्हतं तरी ती इंग्रजी बोलायची. खिडकीवालीला, सरांच्या अंदाजानं, बरंच येत होतं. लिहायला दिलं की तिची वाक्यं नीट, सरळ, पूर्णविरामासकट यायची. पण उभं केलं की ओठ हलायचे आणि आवाज घशाच्या आतच कुठंतरी बसून राहायचा. प्रवेश घेतल्यापासून तिनं वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता.

आणि न बोलणाऱ्यांना बोलतं करणं हाच तर सरांचा लौकिक होता. त्यांची बायको थट्टेनं म्हणायची, आमच्याकडे मुक्यांची दुरुस्ती करून मिळते. सरांच्या काही रीती होत्या. लाजाळू माणसाला अचानक उभं करायचं नाही. त्याला आदल्या दिवशीच हळूच सांगून ठेवायचं, उद्या तुम्हाला विचारणार आहे, दोनच वाक्यं, घरी म्हणून बघा. आधी शेजाऱ्याशी बोलायला लावायचं, मग चौघांत, मग सगळ्यांसमोर. बोलताना त्याच्या समोर नाही, बाजूला जाऊन उभं राहायचं, म्हणजे त्याला शिक्षकाचं तोंड दिसत नाही. चूक झाली तर चूक म्हणायचं नाही, बरोबर वाक्य प्रेमानं पुन्हा म्हणायचं आणि सगळ्या वर्गाकडून म्हणवून घ्यायचं, म्हणजे ती चूक एकट्याची राहत नाही. आणि हसायचं नाही. हा नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला जाई.

आज घरातल्या माणसाविषयी दोन वाक्यं होती. कुणी मुलाबद्दल बोललं, कुणी सासूबद्दल. गिरणीनं सासूची पाच वाक्यं केली. मग सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. खालून सायकलींच्या घंट्या ऐकू येत होत्या, गिऱ्हाईक एकेक वाजवून बघत असावं. खिडकीवाली उठली. तिनं पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "माय हजबंड इज अ ड्रायव्हर. ही इज नॉट गुड."

आवाज बारीक होता, पण स्वच्छ होता. सरांना आत एकदम भरून आलं. चार महिने मातीत हात घालून बसलेल्या माणसाला कोंब दिसावा तसं. आणि त्या आनंदाच्या भरातच ते म्हणाले, वा, फार छान, फक्त एक शब्द. नॉट वेल. ही इज नॉट वेल. मग फरकही समजावला. गुड म्हणजे स्वभावानं चांगला. तब्येतीबद्दल बोलताना वेल. आणि मग, जे ते कधी करत नसत ते त्यांनी केलं, विनोद केला. म्हणाले, शब्द जपून वापरा हो, नाहीतर बिचाऱ्या नवऱ्यावर नसता आळ यायचा. सगळे हसले. नियम फळ्यावरून पुसला गेल्याला महिने झाले होते. मग सगळ्या वर्गानं एका सुरात म्हटलं, हर हजबंड इज नॉट वेल. तिनंही म्हटलं. सरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, पहिल्यांदा बोललेल्याला तसा मान मिळतोच. ती खाली बसली.

आता थांब्यावर उभं राहून सरांना तिचा चेहरा आठवत होता. गुड म्हणजे स्वभावानं चांगला, असं ते सांगत होते तेव्हा तिनं त्यांच्याकडे बघितलं होतं. इतक्या दिवसांत प्रथमच सरळ बघितलं होतं आणि मान हलवली होती. समजलं म्हणून हलवली, असं त्यांनी धरलं होतं. पण ती मान 'हो, तेच' म्हणत होती. आणि त्यावर ते पुढं वेल वेल करत राहिले, आणि मान हळूहळू थांबली.

घरी जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. ती वाढत होती, वाढता वाढता ऐकत होती. ती म्हणाली, अहो, नवऱ्याला ताप असेल नाहीतर काय. शिकणाऱ्याची चूक ती चूक, तुम्ही उगाच राईचा पर्वत करताय. सरांनाही ते पटावंसं वाटलं. गुड आणि वेल यांत सगळेच गोंधळतात, दर वर्षी गोंधळतात, त्यांत नवल काय. आपल्याकडे दोन्हींना एकच तर शब्द. बरा. माणूस बरा नाही म्हटलं, की तो आजारीही असू शकतो आणि वाईटही. एका शब्दाला दोन दारं, ऐकणाऱ्यानं आपल्या सोयीचं उघडावं. हे मनात आलं आणि घास हातातच राहिला. बायकोनं विचारलं, मीठ कमी आहे का. ते म्हणाले, नाही, बरं आहे. आणि तो शब्द त्यांना स्वतःच्या तोंडातून खड्यासारखा लागला.

सरांची थोरली बहीण, ताई, लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा सर शाळकरी होते. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, लग्नाआधी बसायची तशीच, पण लग्नाआधी ती बडबडत बसायची. वडील बाहेरून आले, हातपाय धुतले, आणि टॉवेलनं तोंड पुसत असताना ती म्हणाली, बाबा, मला तिथं बरं वाटत नाही. वडिलांचा चेहरा टॉवेलमध्ये होता. तो बाहेर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला असं सरांना आता वाटत होतं. पण ते खरं आठवत होतं की आताच सुचत होतं, कोण जाणे. वडील म्हणाले, पाणी बदललं की होतं तसं. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जीभ बघितली, डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली आणि लाल टॉनिक दिलं. ताईनं ती बाटली शहाण्या मुलीसारखी संपवली. घरात सगळे म्हणाले, चेहऱ्यावर तेज आलं हो. मग ती गेली. तिची पिशवी थांब्यापर्यंत सरांनीच नेली होती, आणि वाटेत तिनं त्यांना पाढे विचारले होते, सतरापर्यंत. सतराच्या पाढ्यात ते अडले तर ती म्हणाली होती, असू दे, सगळ्यांनाच अडतो.

पुढच्या वर्गाला खिडकीशी कुणी नव्हतं. गिरणी आली होती, पण तिची गिरणी बंद होती. ती वहीत बघत होती, आणि वही कोरी होती. वर्ग सुटल्यावर सर म्हणाले, थांबा जरा. तशी तिचे डोळेच भरले. तिनं कॅन्टीनमध्ये ती गंमत सांगितली होती. म्हणजे गंमत म्हणूनच. आमची ही नवऱ्याला वाईट म्हणायला निघाली होती, सरांनी वेळेवर वाचवलं. सगळ्या हसल्या होत्या, खिडकीवालीसुद्धा थोडं हसली होती. पण तिचा नवरा त्याच हॉटेलच्या गाड्या चालवायचा, आणि कॅन्टीनमधलं बोलणं गाड्यांपर्यंत जायला किती वेळ लागतो. ड्रायव्हर लोकांनी त्याला विचारलं, काय राव, तुम्ही नॉट गुड म्हणे. तोही हसला, असं म्हणतात. सर्वांत जास्त तोच हसला.

सरांनी विचारलं, मग ती कामावर येते का?

"येते ना," गिरणी म्हणाली. "चादरी डाव्या हातानं घडी करते. विचारलं तर म्हणते, उजवा अवघडलाय."

मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, माझ्या या तोंडाला आगच लागायला हवी सर. सरांना म्हणायचं होतं, की तुमचं तोंड नंतर आलं, आधी माझं. पण तोवर ती जिना उतरून गेली. खाली सायकलवाला चाकात हवा भरत होता, पंपाचा सुस्कारा वर येत होता, पुन्हा पुन्हा, आणि सर रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे होते. इतक्या वर्षांत किती जणांना त्यांनी बोलतं केलं होतं. त्यांतलं कोण काय बोललं, ते त्यांना आठवेना. कुणाचे उच्चार कसे सुधारले, ते आठवत होतं. एक बेकरीतला मुलगा 'स' आणि 'श' मध्ये अडकायचा. एक पोक्त बाई प्रत्येक वाक्याआधी 'सॉरी' म्हणायच्या. ते 'सॉरी' काढून टाकायला दोन महिने लागले होते. पण त्या कशाची माफी मागत होत्या, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तोंड उघडलं की आपलं काम झालं, अशी त्यांची समजूत होती. दार उघडून द्यायचं आणि आत काय आहे ते न बघता पुढच्या दारावर जायचं, पोस्टमनसारखं.

त्या रविवारी त्यांनी ताईला फोन केला. ताई आता मुलाकडे राहते, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. ती गुडघ्यांबद्दल बोलली, सुनेनं घेतलेल्या नव्या गादीबद्दल बोलली. मग सर म्हणाले, ताई, तू पहिल्यांदा घरी आलीस तेव्हा बाबांना म्हणाली होतीस, तिथं बरं वाटत नाही. तुला काय म्हणायचं होतं गं? पलीकडे मागं कुठंतरी नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला. ताई म्हणाली, ते टॉनिक किती गोड होतं रे. बाटलीचं झाकण तुला चाटायला द्यायचे मी, आठवतं? सर म्हणाले, आठवतं. आणि खरं तर त्यांना ते अजिबात आठवत नव्हतं. ताई म्हणाली, तुझ्या बायकोला म्हणावं, या एकदा. सरांनी फोन ठेवला. त्यांना उत्तर मिळालं होतं की ते टाळलं गेलं होतं, की तिला खरोखरच तेव्हा पित्त झालं होतं आणि हे सगळं ते आज रचत होते? यांतलं काहीही असू शकत होतं. विचारायला उशीर झाला की प्रश्नाचंच असं होतं, तो ज्याला विचारायचा ते माणूस पुढं निघून गेलेलं असतं.

बुधवारी वर्ग सुरू होऊन थोडा वेळ झाला होता, तेव्हा खिडकीवाली आली. दारात आधी तिचा नवरा दिसला, मागं ती. गणवेशाला कडक इस्त्री, बूट चकचकीत, टोपी काढून हातात धरलेली. चेहरा हसरा, कुणालाही आवडावा असा. त्यानं सरांना वाकून नमस्कार केला. म्हणाला, दोन मिनिटं घेतो सर, हिचं नाव काढायला आलोय, काम आणि घर दोन्ही तिला झेपत नाही. सर म्हणाले, वर्गानंतर बोलू. तो म्हणाला, नाही सर, जे सगळ्यांसमोर झालं ते सगळ्यांसमोरच मिटलेलं बरं. मग तो वर्गाकडे वळला आणि मोकळेपणानं हसला. आठ-दहा जण होते, त्यांतले दोघे नकळत उलट हसलेसुद्धा.

"मला इंग्रजी येत नाही," तो म्हणाला. "म्हणून तुम्हालाच विचारतो. ही त्या दिवशी जे बोलली, ती चूकच होती ना? व्याकरणाची? तुम्हीच सुधारलीत म्हणे."

सरांच्या हातात मार्कर होता. त्याचं टोपण काढलेलं होतं आणि वास नाकात जात होता. 'हो' म्हटलं की संपलं, हे त्यांना दिसत होतं. एक अक्षर. हो, चूक होती, सगळ्यांचीच होते. तो हसेल, आभार मानेल, ड्रायव्हर लोकांना जाऊन सांगेल, मास्तरच म्हणाला. तिची आजची रात्र कदाचित सोपी जाईल. आणि 'नाही' म्हटलं तर ती बोललेली गोष्ट आपण तिच्या हातातून ओढून त्याच्या हातात देणार, जिना तिला त्याच्याबरोबर उतरायचाय, आपल्याबरोबर नाही. ती त्याच्या मागं उभी होती. उजवा हात पदराखाली होता. ती सरांकडे बघत नव्हती, फळ्याकडे बघत होती. फळ्यावर आजचा धडा होता, प्रश्न कसे विचारावेत. इतकी वर्षं ते लोकांना सांगत आले होते, घाबरू नका, बोलून तर बघा, काय होईल फार फार तर. फार फार तर काय होतं, ते आता दारात उभं होतं.

"मी सुधारलं," सर म्हणाले, आणि आपला आवाज त्यांना अनोळखी वाटला, "पण त्यांना न विचारता सुधारलं. ती चूक माझी. त्यांना काय म्हणायचं होतं, ते त्यांचं त्यांना ठाऊक." आणि लगेच, आपण सगळा भार तिच्याच डोक्यावर टाकला हे कळून, ते तिला म्हणाले, "तुम्ही काही सांगायलाच हवं असं नाही. नाही सांगितलंत तरी चालेल."

त्याचं हसू तसंच होतं, फक्त टोपी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. ती थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग त्याच्या बाजूनं आत आली, खुर्च्यांच्या मधल्या अरुंद वाटेनं, कुणाची पिशवी लवंडू नये म्हणून पाय जपून टाकत, खिडकीशी गेली आणि आपल्या जागेवर बसली. बसल्यावर म्हणाली, "मला तब्येतीचं नव्हतं म्हणायचं."

आपल्या भाषेत म्हणाली. दिवा मालवायला सांगावं इतक्या साध्या आवाजात.

तो म्हणाला, चल, घरी बोलू. ती म्हणाली, मी नाही येणार. तो एक पाऊल आत आला. तेव्हा गिरणी उठली. ती काही बोलली नाही, जन्मात पहिल्यांदा बोलली नसेल. ती नुसती खुर्ची सरकवून वाटेत उभी राहिली. मग तिच्या मागचा लिफ्टवाला उठला, मग औषधाच्या दुकानातली मुलगी उठली. सरही पुढं झाले होते, पण ते त्यांना नंतर कळलं. त्यानं सगळ्यांकडे एकदा बघितलं, एकेकाचा चेहरा पाठ करावा तसं. टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसवली.

"छान शिकवता, सर," तो म्हणाला.

त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावरून सावकाश खाली गेला. सगळे उभेच होते. मग सर फळ्याकडे वळले, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचेना, आणि त्यांनी पुढचा प्रश्न लिहायला घेतला. अक्षर वेडंवाकडं आलं. कुणीतरी विचारलं, सर, हे डब्ल्यू आहे का? सर म्हणाले, हो, डब्ल्यू आहे. आणि वर्ग चालू झाला. वेळ संपली तेव्हा कुणी उठेना. एरवी घड्याळाकडे डोळे लावून बसणारी माणसं वह्या उघड्या ठेवून बसून राहिली, कारण तिला आता कुठं जायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तिच्याआधी उठायला कुणाचं मन होईना. शेवटी गिरणीनं तिची पिशवी उचलली. म्हणाली, चल, माझ्याकडे जागा नाही, पण होईल. लिफ्टवाला म्हणाला, मी सोडतो तुम्हाला तिथपर्यंत. सर म्हणाले, आपण सगळेच जाऊ.

त्यानंतरचं सगळं सरळ झालं असं नाही. गिरणीच्या एका खोलीत तिची सासू, दोन मुलं आणि ही. तो दोनदा तिथं येऊन गेला, एकदा रडत, एकदा दारू पिऊन, आणि दुसऱ्या वेळी गिरणीच्या सासूनं गल्ली गोळा केली. पोलीस ठाण्यात सर बरोबर गेले होते. ते बाहेरच्या बाकावर बसले, आत ती एकटीच गेली आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली, तेव्हा तिनं पाणी मागितलं, एवढंच. महिन्यानं हॉटेलच्या बायकांच्या वसतिगृहात तिला एक खाट मिळाली. हाताचं हाड जुळलं, थोडं वाकडं जुळलं. बायको सरांना म्हणाली, तुम्ही बोललात म्हणून ती सुटली. सरांना ते ऐकवेना. त्यांना माहीत होतं, की ती उलट वळून जिना उतरून गेली असती, तर ते मार्करचं टोपण लावून शिकवत राहिले असते आणि त्या दिवशी आपण बोललेलं तेच वाक्य मग त्यांना जन्मभर वेगळं ऐकू आलं असतं. चांगलं झालं ते त्यांच्या हातून झालं नव्हतं, त्यांच्या समोर झालं होतं. अजूनही संध्याकाळी जिन्यावर सावकाश वाजणारे बूट ऐकू आले, की त्यांचं वाक्य मधेच तुटतं. सायकलवाल्याचा भाऊ असतो, डबा द्यायला आलेला.

ती वर्गाला येते. बोलकी झाली, असं कुणी म्हणणार नाही. परवा प्रत्येकानं एक प्रश्न विचारायचा होता, कुणालाही, कसलाही. गिरणीनं सरांना त्यांचं वय विचारलं. तिची पाळी आली तेव्हा ती उठली आणि गप्प उभी राहिली. सर या खेपेस बाजूला गेले नाहीत, समोरच उभे राहिले, तिला दिसतील असे. ओठ हलले, थांबले. कदाचित तिला 'व्हेअर' हवं होतं, कदाचित 'व्हाय'. दोन्ही शब्द सरांच्या जिभेच्या टोकावर होते, वीस वर्षांच्या सवयीनं पुढं ढकलत होते. त्यांनी दात मिटून घेतले. मागं कुणाची तरी खुर्ची करकरली. ती खाली मान घालून नव्हती, शोधत होती. मोठ्या कपाटात काहीतरी शोधावं तसं, घाई न करता. बराच वेळ गेला. मग तिनं सरांकडे बघितलं आणि मान हलवली, नाही अशी.

"टुमॉरो, सर," ती म्हणाली, आणि खाली बसली.

सर म्हणाले, बरं.